पंचविशीला एक वर्ष कमी: ‘विंटेज’ ठरवताना हातून गेलेला एक संगणक

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ च्या मे महिन्यातलं. ज्यांच्या घरी घडलं त्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

पुण्यात आम्ही सात जण जुने संगणक जमवतो, दुरुस्त करतो आणि होता होईल तो चालू ठेवतो. संस्था नाही, नोंदणी नाही. कोथरूडला एका मित्राच्या घराच्या गच्चीवरची खोली, दोन लोखंडी मांडण्या आणि सोल्डरिंगसाठी एक टेबल, एवढाच आमचा संसार. जागा कमी, म्हणून सुरुवातीलाच नियम केला होता की यंत्र १९९० च्या आधीचं असेल तरच घ्यायचं. त्यानंतरच्याला आम्ही ‘विंटेज’ म्हणत नसू.

फोन शनिवार पेठेतून आला. वाडा पाडून इमारत होणार होती आणि ३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत काकूंच्या यजमानांनी १९८९ ते २००६ डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, काम केलं होतं. त्याआधी ते एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. शिसं सुटलं, संगणक आला, आणि वयाच्या चाळिशीत ते नव्याने टायपिंग शिकले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. काकू ७४ वर्षांच्या. भंगारवाल्याशी वजनावर बोलणं झालेलं होतं, पण पुतण्या म्हणाला, “काकू, एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ.” म्हणून आम्हाला बोलावणं.

खोलीत सतरा वर्षांच्या कामाचे थर होते. खाली सतरंजीत गुंडाळलेला एक स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक, डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात काढलेला. मुलाला बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्यासाठी घेतलेला, टेपरेकॉर्डरसकट. खिडकीपाशी १९८९ चा एक्सटी क्लोन, म्हणजे आयबीएमच्या एक्सटी संगणकाची दुसऱ्या कुणी केलेली नक्कल, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. त्याशेजारी १९९२ चं ३८६, नंतरच्या पिढीचं यंत्र. मग १९९९ चा पेंटियम टू, आणि दाराजवळ शेवटच्या काळातला पेंटियम फोर. माळ्यावर लेझर प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स, बटर पेपरची रिमं आणि बिस्किटांच्या चार डब्यांत भरलेल्या फ्लॉप्या.

अडचण

वरवर प्रश्न सोपा होता: यातलं काय ठेवायचं? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता, की ‘विंटेज’ म्हणजे नक्की काय? आणि त्यावर आम्हा सात जणांत कधीच एकमत नव्हतं.

हा शब्द मुळात वाइनचा. अमुक वर्षाच्या द्राक्षांची वाइन म्हणजे त्या वर्षाचं विंटेज. म्हणजे मूळ अर्थ जुनेपणाचा नाहीच, तो कोणत्या हंगामाचा माल याचा आहे. पुढे प्रत्येक क्षेत्राने आपापली रेघ मारली. आपल्याकडे २०२१ च्या मोटार वाहन नियमांत विंटेज वाहन व्हायला ५० वर्षं लागतात. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात वस्तूला १०० वर्षं हवीत, हस्तलिखिताला ७५. आणि अॅपल कंपनी आपल्या उत्पादनाची विक्री थांबून पाच वर्षं झाली की त्याला ‘विंटेज’ म्हणते आणि सात वर्षांनी ‘ऑब्सोलीट’. एकच शब्द, पाचापासून पन्नासापर्यंत कुठेही.

आमच्यातल्या एकाच्या मते स्पेक्ट्रमसारखी ८-बिट यंत्रं तेवढीच विंटेज. दोघे १९९० च्या रेघेवर ठाम. एक जण म्हणायचा, ठरावीक साल नको, मागची २५ वर्षं मोजत राहायची, म्हणजे रेघ दर वर्षी पुढे सरकेल.

मला स्वतःला या सगळ्या मापांत एक खोट वाटत आली आहे. ही मापं जिथे यंत्र बाजारात आल्याबरोबर लोकांच्या घरी पोचलं, तिथे बनली. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ चा, एक्सटी १९८३ चा. आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणानंतर दारं किलकिली झाली आणि काकांनी एक्सटीचा क्लोन घेतला तो १९८९ मध्ये, तोही कर्ज काढून. तो त्यांनी १९९७ पर्यंत रोज वापरला. मग हे यंत्र कोणत्या हंगामाचं धरायचं? रचना झाली त्या वर्षाचं, जोडलं गेलं त्या वर्षाचं, की ज्या वर्षांत त्याने इथे काम केलं त्या वर्षांचं? पुण्यातल्या वाड्यात सापडलेल्या यंत्राबद्दल बोलायचं तर मला तिसरं उत्तर खरं वाटतं. पण त्या मे महिन्यात हे माझ्याजवळ इतकं स्पष्ट नव्हतं. तेव्हा माझ्या हातात फक्त १९९० हा आकडा होता.

समोरचे पर्याय

सगळंच उचलणं शक्य नव्हतं. खोलीत फार तर तीन यंत्रं मावली असती. नियमाने गेलो तर स्पेक्ट्रम आणि एक्सटी. २५ वर्षांचं माप लावलं तर १९९२ चं ३८६ आत येत होतं आणि १९९९ चा पेंटियम टू एका वर्षाने बाहेर राहत होता. किमतीने बघायचं तर एकट्या स्पेक्ट्रमला गिऱ्हाईक होतं, आणि आमच्याच ओळखीच्या एका संग्राहकाने तो फोनवरच मागितला होता. पुतण्याला तो पर्याय बरा वाटत होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घर आवरणारा माणूस असाच विचार करणार.

एक पर्याय तेव्हा कुणीच मांडला नाही. यंत्रांकडे बघण्याआधी त्यांच्यावर काय काम झालं ते काकूंना विचारायचं. आम्ही तिघं त्या खोलीत तासभर होतो आणि सगळा वेळ मागच्या बाजूची लेबलं वाचत होतो.

पहिला निर्णय: ३८६

१३ मेच्या शनिवारी आम्ही स्पेक्ट्रम आणि एक्सटी घेतले. ३८६ जागेवरच ठेवलं. पांढरं कॅबिनेट, पुढे टर्बोचं बटण, असे क्लोन त्या काळी गल्लोगल्ली जोडले जात. मी ते उघडूनही पाहिलं नाही.

जिना उतरताना काकू मागून म्हणाल्या, “मराठी त्याच डब्यावर यायचं हो. आधीच्यावर नाही.”

हे वाक्य कानावर पडलं, पण डोक्यात शिरायला रात्र झाली. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या काळात संगणकावर मराठी ‘यायचं’ म्हणजे आत काहीतरी बसवलेलं असणार. सोमवारी पुन्हा गेलो, चार स्क्रू काढले, आणि शेवटच्या स्लॉटमध्ये जिस्ट कार्ड दिसलं.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्यांची अक्षरं उमटत नसत. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आलं, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेलं सी-डॅक म्हणजे पुणे. त्यातून जिस्ट कार्ड तयार झालं. ते स्लॉटमध्ये बसवलं की साध्या डॉस प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप करता येई आणि पडद्यावर जोडाक्षरांसकट दिसे. सी-डॅक म्हटलं की लोकांना १९९१ चा परम ८००० महासंगणक आठवतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण एका खिळे जुळवणाऱ्याच्या हाताला संगणकावर मराठी आलं ते या कार्डामुळे. परम त्याने कधी पाहिलाही नसेल.

कीबोर्डही तसाच होता. प्रत्येक कळेवर काकांनी कागदाचा चौकोन चिकटवून लाल शाईने इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीतलं अक्षर लिहिलं होतं आणि वरून सेलोटेप लावली होती. के वर क, एल वर त, जे वर र. बहुतेक चौकोन शाबूत होते. डी च्या कळेवरचा मात्र झिजून पार गेला होता, कागदही आणि टेपही. ती हलन्तची कळ, अक्षराचा पाय मोडायची. जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराला तिथे बोट पडणार.

१९९० च्या रेघेने हे यंत्र बाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या कोणत्याही देशातल्या संग्राहकाने ते बघितलं असतं तर सर्वसाधारण क्लोन म्हणून सोडून दिलं असतं, आणि त्याच्या जागी ते बरोबरही ठरलं असतं. पुण्यात मात्र त्या खोलीतलं सगळ्यात मोलाचं यंत्र तेच होतं. आम्ही नियम मोडून ते आणलं.

दुसरा निर्णय: पेंटियम टू

इथे मी चुकलो. आडवळण न घेता सांगतो.

३८६ ची बाजू घेऊन मी गटात भांडलो होतो. नियम मोडायला लावल्यावर आणखी एकदा मोडा असं म्हणायला जीभ रेटेना. पेंटियम टू १९९९ चा, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात उदार मापानेही वर्षभराने कमी. बेज रंगाचं टॉवर कॅबिनेट, विंडोज ९८, अशी यंत्रं तेव्हा ढिगाने भंगारात जात होती आणि आजही जातात. आम्ही नको म्हटलं.

काकूंनी विचारलं होतं, “याच्या मागे तो छोटा डबा खोचलेला आहे, तो काढून ठेवायचा का?” प्रिंटर पोर्टला लावलेलं ते हार्डवेअर लॉक होतं, डोंगल. मराठी फाँटच्या पॅकेजबरोबर ते येई आणि त्याच्याशिवाय पॅकेज सुरू होत नसे. मला ते काय आहे हे माहीत होतं. तरी मी म्हणालो, “त्याच्याचबरोबर जाऊ द्या, काकू. एकट्याचा काही उपयोग नाही.”

उपयोग नाही हे खरंच होतं, यंत्र जाणारच असेल तर. यंत्र जावं का, हाच प्रश्न मी पुन्हा विचारायला हवा होता. २४ मेच्या बुधवारी टेम्पो आला आणि पेंटियम टू, पेंटियम फोर, मॉनिटर, प्रिंटर सगळं गेलं. हार्ड डिस्कसुद्धा काढून घेतली नाही. तिच्यात गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका, प्रबंध, निवडणुकीची पत्रकं असणार. संग्रहाचं सोडा, लोकांची खाजगी माहिती म्हणून तरी ती काढायलाच हवी होती. पुतण्याला ते सांगणं आमचं काम होतं.

पुढे काय झालं

३८६ चा मदरबोर्ड उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरी बघितली. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग जपायला निळ्या पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटली की आतलं अल्कली बोर्डावर पसरतं आणि तांब्याच्या रेषा खातं. इथेही फुटली होती. कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवट पापुद्रा पोचला होता. बॅटरी कापून काढली, व्हिनेगरने अल्कली मारलं, जुन्या टूथब्रशने घासलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. तीन रेषा तुटल्या होत्या, त्या बारीक तारेने जोडल्या. कार्ड लांबच्या स्लॉटमध्ये असल्याने त्याला काहीच झालं नव्हतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर देवनागरी आलं. काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “रंग तोच आहे.”

हार्ड डिस्क मात्र फिरलीच नाही. म्हणून फ्लॉप्या. पुण्याचे इतके पावसाळे खाल्लेल्या फ्लॉप्यांवर बुरशी असतेच. लिफाफ्याच्या खिडकीतून बघितलं की तपकिरी तबकडीवर पांढरे ठिपके दिसतात. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड तो थर खरवडून काढतं आणि अक्षरं कायमची जातात. लिफाफा कडेने कापायचा, तबकडी काढून अल्कोहोलच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसायची, वाळवायची, मग ग्रीझविझल नावाच्या छोट्या बोर्डाला जोडलेल्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये वाचायची, आणि प्रत्येकीनंतर हेड साफ करायचं. एका संध्याकाळी चार-पाच व्हायच्या.

त्यांत एक काम सापडलं. मावळातल्या एका निवृत्त गुरुजींनी भातशेतीतले शब्द जमवले होते: तरवा, राब, खाचर, चिखलणी, अवजारांचे भाग, पावसाचे प्रकार. काकांनी १९९४ मध्ये ते टाइप करून दिले होते. पुस्तक कधी निघालं नाही. गुरुजी आता नाहीत, त्यांच्या मुलीला ही फाइल आहे हेही माहीत नव्हतं. तिच्या परवानगीने आम्ही ती उलगडली, आणि आश्चर्य वाटावं इतक्या सहज ती उघडली. जिस्टमधला मजकूर इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, साठवलेला असतो. इस्की हे १९९१ मध्ये भारतीय मानक झालं आणि आजच्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. त्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर जवळजवळ सरळ होतं. एका दिवसात सगळे शब्द फोनवर वाचता येत होते.

मग काकूंनी बटर पेपरच्या रिमांबरोबर आलेली एक सीडी दिली. त्यावर काकांच्या अक्षरात होतं: ‘शेतीशब्द, अंतिम, २००१’.

गुरुजींनी सात वर्षांत कोश दुप्पट केला होता. ही पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमची फाइल पेंटियम टूवर केलेली. आमच्यातल्या एकाच्या विंडोज ९८ वर ती उघडली, पण फाँट नाही. पडद्यावर युरोपीय भाषांतली टिंबं आणि टोप्या घातलेली अक्षरं, पानंच्या पानं.

इस्कीमध्ये आपण बोलतो तो क्रम साठवला जातो. ‘कि’ म्हणजे आधी क, मग ऱ्हस्व इकार. त्या काळच्या फाँटमध्ये दिसणारी आकृती साठवली जायची: आधी वेलांटीचा तुकडा, मग क चा. काना वेगळा, अर्धा म वेगळा, रफार वेगळा. खिळे जुळवणाऱ्याला ही पद्धत अगदी ओळखीची. पण कोणत्या आकड्याला कोणता तुकडा हे प्रत्येक कंपनीचं, कधीकधी प्रत्येक आवृत्तीचं निराळं. तो नेमका फाँट पेंटियम टूच्या हार्ड डिस्कवर होता. म्हणजे १९९४ चा कच्चा खर्डा वाचता येत होता, आणि त्याहून सात वर्षं नवी, पक्की प्रत वाचता येत नव्हती.

भंगारवाल्याकडे गेलो. माल पुढे गोदामात गेलेला होता. दोन रविवार आणि दोन बुधवार जुन्या बाजारात फिरलो. तशी कॅबिनेटं तिथे होती. ते नव्हतं.

मार्ग निघाला तो ३८६ मुळेच. जे शब्द दोन्ही प्रतींत आहेत त्यांचा खर्ड्यातला मजकूर आम्हाला माहीत होता. तो निरर्थक अक्षरांच्या शेजारी ठेवून कोणता आकडा कोणता तुकडा हे एकेक करून लिहीत गेलो. ओळखीतून त्याच पॅकेजची दुसरी एक आवृत्ती मिळाली, तिचे बरेच तुकडे जुळले, जोडाक्षरांचे बरेच जुळले नाहीत. काकूंना बटर पेपरवर काढलेली बारा पानांची प्रूफं सापडली, ती फार उपयोगी पडली. हे काम अजून चालू आहे.

आज केलं असतं तर

यंत्र बघायला गेल्यावर आम्ही आता लेबलाआधी माणसाला विचारतो: यावर काय करायचात, आणि ते दुसऱ्या कशावर होत नव्हतं का? वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो घेतो. कॅबिनेट तिथल्या तिथे उघडतो. आणि हार्ड डिस्क, डोंगल, फ्लॉप्या, सीड्या हे साल न बघता घेतो. एका बुटाच्या खोक्यात मावतं ते. कॅबिनेटसाठी जागा नव्हती हे खरं, खोक्यासाठी होती. मालकाला परत हवं असेल तर परत, नको असेल तर पुसून टाकायचं, आणि उरलेलं यंत्र भंगाराऐवजी अधिकृत ई-कचरा केंद्राकडे.

१९९० ची रेघ पुसली का? नाही. गटातल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे की रेघ ठीकच होती, चूक हार्ड डिस्क न काढण्याची होती. त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. मांडणीवर काय ठेवायचं याला काहीतरी सीमा लागतेच, नाहीतर खोली दोन वर्षांत भरते आणि मग कशाचीच निगा राहत नाही. पण ३८६ त्या रेघेने जवळजवळ गेलंच होतं, काकूंच्या जिन्यातल्या एका वाक्याने वाचलं. म्हणून आता १९९० च्या नंतरचं यंत्रही, इथल्या भाषेसाठी किंवा इथल्या कामासाठी त्यात काही बसवलेलं असेल तर, आम्ही विंटेज धरतो. २५ वर्षांचं माप मात्र मी सोडून दिलं. त्या मापाने पेंटियम टू २०२४ मध्ये विंटेज झाला असता, आणि त्यातला फाँट २०२३ मध्येही तितकाच महत्त्वाचा होता.

स्पेक्ट्रम काकूंच्या मुलाने परत मागून घेतला. तो आता त्याच्या घरी आहे, चालू आहे. एक्सटी आणि ३८६ कोथरूडला शेजारी शेजारी आहेत. डी ची कळ तशीच ठेवली, नवा चौकोन चिकटवला नाही.

कोशातल्या ‘इरलं’ या शब्दापुढे १९९४ च्या खर्ड्यात गुरुजींनी कंसात ‘बांधणीची माहिती घ्यायची आहे’ असं लिहून ठेवलं होतं. २००१ च्या प्रतीत त्या जागी सतरा ओळी आहेत. त्यांतल्या अकरा आत्तापर्यंत वाचून झाल्या.